ट्रॉलीला कुलूप: साडेचार हजारांचा हिशेब

ट्रॅक्टर चोरायचा तर चोराला किल्ली लागते, टाकीत डिझेल लागतं आणि इंजिन सुरू झाल्याचा आवाज घरात ऐकू जाण्याची भीती असते. ट्रॉलीला यातलं काहीच लागत नाही. दुसरा कुठलाही ट्रॅक्टर मागं घ्यायचा, दांड्याच्या कडीत पिन टाकायची आणि निघायचं. दोन माणसांचं पाच मिनिटांचं काम. रस्त्यात कुणी पाहिलं तरी संशय येत नाही, कारण सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत पहाटे तीन वाजताही भरलेल्या-रिकाम्या ट्रॉल्या धावतच असतात.

नवी दोनचाकी ट्रॉली आज साधारण दीड ते दोन लाखांना पडते, चारचाकी अडीच ते साडेतीन लाखांना. हायड्रॉलिक जॅकची घेतली तर आणखी वर. एवढ्या किमतीची वस्तू जिंतूर तालुक्यात गावोगाव उघड्यावर उभी असते. शेतातल्या मोटारीच्या पेटीला कुलूप असतं, मोटारसायकलचं हँडल आपण न विसरता लॉक करतो, पण ट्रॉलीला कुलूप लावलेलं क्वचितच दिसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “तिला कोण नेतंय?” नेतात. आणि नेल्यावरही बँकेचा हप्ता थांबत नाही.

ट्रॉली सांभाळायला नेमका किती खर्च येतो, त्यातला कुठला आधी करावा आणि कुठला केला नाही तरी चालेल, ते इथे मांडतो. माझा क्रम असा आहे: आधी ट्रॉली ओळखता येईल अशी करा, मग दुसऱ्याला जोडता येणार नाही अशी करा, त्यानंतर विम्याकडे वळा. बहुतेक जण सुरुवात जीपीएसपासून करतात. तो खरं तर शेवटी येतो.

किमती जिंतूर-परभणीच्या बाजाराच्या अंदाजानं दिल्या आहेत. लोखंडाचा भाव हलतो आणि मजुरी दुकानागणिक बदलते, म्हणून शे-दोनशेचा फरक धरून चला.

ट्रॉली तुमचीच कशावरून?

कुलपाआधी कागद घेण्याचं कारण आहे. चोरीच्या ट्रॉल्या पोलिसांना सापडतात तेव्हा बऱ्याचदा एकाच टोळीकडे एकदम अनेक सापडतात. तोवर रंग बदललेला असतो, फाळक्यावरचं नाव खरवडलेलं असतं, मागचे दिवे काढलेले असतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्या स्थानिक फॅब्रिकेशनच्या दुकानांत बनतात. माप तेच, पत्रा तोच, चाकं तीच. ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या दहा ट्रॉल्यांतली आपली कुठली, हे मालकाला मनात पक्कं ठाऊक असतं. पण फौजदाराला आणि न्यायालयाला मनातलं चालत नाही, पुरावा लागतो. चोर सापडला, माल सापडला आणि तरीही मालक रिकाम्या हातानं परतला, असं होतं ते इथे.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेसुद्धा वाहन आहे आणि त्याची वेगळी नोंदणी लागते. कलम ६१ सांगतं की ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूला लिहिलेला हवा आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीवर हवा. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. परभणी जिल्ह्याचा नंबर एमएच २२ नं सुरू होतो. ट्रॉलीची नोंदणी नसेल तर परभणीच्या परिवहन कार्यालयात जाऊन विचारा. जाताना फॅब्रिकेटरचं पक्कं बिल आणि ट्रॅक्टरचं आरसी सोबत न्या. बनवणाऱ्याकडे मान्यतेचे कागदच नसतील तर नोंदणी अडते. म्हणून नवी ट्रॉली घेणाऱ्यानं इसार देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: “पासिंगचे कागद देता का?” नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. विनाकागदाची ट्रॉली दहा-वीस हजारांनी स्वस्त मिळत असेल, पण तिचा विमा नीट होत नाही, ती चोरीला गेली तर फिर्याद लंगडी पडते आणि सापडली तर ताबा मिळवताना घाम फुटतो.

चासीवर नंबराची पत्र्याची पट्टी रिव्हेटनं बसवलेली असते. ती छिन्नीच्या दोन घावांत निघते. म्हणून नंबर चासीच्या लोखंडातच पंच करून घ्या. अक्षरांचे नि आकड्यांचे पंच वेल्डिंगच्या दुकानात असतात आणि कामाचे दोन-तीनशे रुपये पडतात. एक नंबर ठरल्या जागी, म्हणजे पुढच्या आडव्या चॅनेलवर. दुसरा अशा ठिकाणी की जिथे चोर बघणार नाही: आक्सलच्या वरच्या अंगाला किंवा दांड्याच्या आतल्या बाजूला. ज्यांच्या ट्रॉलीला नोंदणीचा नंबर नाही त्यांनी आपल्या ट्रॅक्टरचा नंबर घालावा. त्याच्या जोडीला वेल्डिंगच्या रॉडनं खालच्या चॅनेलवर आपल्या आडनावाची दोन अक्षरं ओढून घ्यावीत. रंगाचा नवा हात बसला तरी टाक्याचा उंचवटा बोटाला लागतो.

मग मोबाईलवर फोटो काढा. चारी बाजूंनी, दोन्ही पंच केलेल्या जागांचे जवळून, टायरवरच्या नंबरांचे, आणि जुन्या डागडुजीचेही. फाळक्याला मारलेलं ठिगळ, वाकलेली बिजागरी, वेगळ्या कंपनीचं एक टायर, याच खुणा पुढे पंचनाम्यात उपयोगी पडतात. हे फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरही पाठवून ठेवा. खर्च शून्य.

ट्रॉली कुठे उभी राहते, त्यावर बरंच ठरतं

आपल्या भागातल्या चोरीमागं काळ्या मातीचाही हात आहे. जून-जुलैत पांदण रस्ते चिखलानं बंद होतात आणि ट्रॉली आखाड्यावर नेता येत नाही. मग ती डांबरी सडकेच्या कडेला, फाट्यावर किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लावली जाते. पावसाळाभर तिचं काम नसतं, आठ-आठ दिवस तिच्याकडे कुणी फिरकत नाही. चोराला याहून सोयीचं काय असणार? गेल्याचं मालकाला कळेपर्यंत ती मंठ्याच्या बाजूनं जालना जिल्ह्यात किंवा औंढ्याच्या बाजूनं हिंगोली जिल्ह्यात पोचलेली असते. जिंतूरहून चारी दिशांना रस्ते फुटतात आणि ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या चालीनंही रात्रीतून जिल्हा ओलांडता येतो.

म्हणून पावसाळ्यात ट्रॉली आखाड्यावर नेता येत नसेल तर ती गावात, वस्तीला लागून लावा. दांडा भिंतीकडे आणि फाळका रस्त्याकडे. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला दांड्यापर्यंत पोचताच आलं नाही तर निम्मं काम तिथेच झालं. गावात दोघा-तिघांच्या ट्रॉल्या असतील तर त्या एकमेकींना लावून एकाच साखळीत बांधता येतात. त्यात खर्चही वाटून जातो.

चारचाकी ट्रॉलीवाल्यांना एक फुकटचा उपाय आहे. तिचा पुढचा दांडा आक्सलच्या चौकटीला बोल्ट किंवा पिनांनी जोडलेला असतो. महिनाभर काम नसेल तर तो काढून घरात आणून ठेवा. बिनदांड्याची भरभक्कम ट्रॉली ओढून न्यायची म्हणजे चोराला सोबत दांडाही आणावा लागतो, आणि मापाचा दांडा बरोबर घेऊन फिरणारा चोर विरळाच. दोनचाकी ट्रॉलीत दांडा चासीला पक्का असतो, तिथे हे जमत नाही. पुढचा स्क्रू जॅक तेवढा काढून ठेवा, कारण तोही सुटा चोरीला जातो.

कडीतली पिन

आता कुलपाकडे येऊ. युरोपात मोटारीमागे कॅरॅव्हॅन ओढणारे लोक जोडणीवर हिच लॉक लावतात आणि चाकाला क्लॅम्प. ब्रिटनमध्ये कित्येक विमा कंपन्या ही कुलपं असतील तरच चोरीचा दावा मान्य करतात. तसली कुलपं आता ऑनलाइन सहज दिसतात. दीड ते तीन हजारांना मिळतात. ती घेऊ नका. ती गोळ्यावर बसणाऱ्या जोडणीसाठी बनवलेली असतात आणि आपल्या ट्रॉलीला गोळा नसतो, कडी असते. पण त्यामागची युक्ती मात्र उचलण्याजोगी आहे: जोडणीची जागाच भरून टाकायची, म्हणजे दुसऱ्याची पिन आत जाणार नाही.

जिंतूरला परभणी रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी हे काम उभं राहून पाहिलं. शेतकऱ्यानं जाडजूड कुलूप आणलं होतं. वेल्डरनं ते हातात घेतलं आणि परत दिलं.

“काका, कुलूप कितीचं बी आणा, बॅटरीवरचा ग्राइंडर लावला की मिनिटात खेळ खल्लास. कुलपाला ग्राइंडर लागूच नाही द्यायचा, असं करू.”

त्यानं ३० मिलिमीटर जाडीच्या सळईचा वीतभर तुकडा कापला. वरच्या टोकाला ८ मिलिमीटरच्या पत्र्याची जाड टोपी वेल्ड केली, म्हणजे पिन कडीतून खाली निसटणार नाही. खालच्या टोकाला आडवं भोक पाडलं, त्यातून कुलपाची दांडी जाते. मग तीन इंची पाइपाचा चार बोटांचा तुकडा कापून तो कडीच्या खालच्या अंगाला, दांड्याला वेल्ड केला. पिन वरून टाकली की तिचं भोक असलेलं टोक या पाइपाच्या आत उतरतं आणि कुलूप आतच लागतं. हात खालून घालता येतो, किल्ली खालून फिरते, पण ग्राइंडरची चकती आत शिरत नाही. पिनेची टोपी कापायची म्हटली तर जाड लोखंड कापावं लागतं, ठिणग्या उडतात आणि आवाज साऱ्या वस्तीला ऐकू जातो. पाइपाचा तुकडा दांड्याला धरून बसवावा लागतो, कडीच्या अगदी तोंडाशी नाही, नाहीतर वळणावर ट्रॅक्टरच्या हुकाला घासतो. त्यानं दोनदा ट्रॅक्टर जोडून, वळवून बघितलं आणि मगच पक्का टाका मारला. लोखंड, कटिंग आणि मजुरी मिळून या कामाचे हजार ते बाराशे रुपये होतात.

वेल्डिंग करताना एक लक्षात ठेवा. कडीला स्वतःला टाका मारू देऊ नका. सगळा भार कडी झेलते, तिथे तापलेलं लोखंड ठिसूळ होऊ शकतं आणि भरल्या ट्रॉलीसह चढावर कडी तुटली तर जीव जातो.

कुलूप घेताना नाव पाहण्यापेक्षा दांडी पाहा. दहा ते बारा मिलिमीटरची, हार्डन केलेली, त्यावर तसा छाप असलेली. पाचशे ते नऊशेत चांगलं मिळतं. शंभर-दीडशेचं कुलूप इथे लावायचं तर न लावलेलं बरं, कारण त्यानं आपणच निर्धास्त होतो. दोन कुलपं एकाच किल्लीची मिळाली तर उत्तम. एक किल्ली घरात, एक सालगड्याकडे. किल्ली सापडत नाही म्हणून चार दिवस कुलूप लागत नाही आणि मग ते कायमचंच लागत नाही, हे कुलूप निकामी होण्याचं खरं कारण असतं. पावसाळ्यात कुलपावर जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणासारखा बांधा.

चाकाची साखळी

पिन बसवली तरी एक वाट उरते. चोर दांड्याला वायर रोप गुंडाळून ट्रॉली फरपटत नेऊ शकतो. म्हणून चाक बांधायचं.

साखळी १० मिलिमीटरची घ्या. आठची साधी साखळी मोठा कटर भाकरीसारखी तोडतो. दहाच्या साखळीचं वजन मीटरला साधारण सव्वादोन किलो भरतं. दोन मीटर म्हणजे साडेचार किलो, किलोला १२० रुपये धरले तर ५४० रुपये. हार्डन केलेली चौकोनी कड्यांची साखळी मिळते, पण मीटरला दीड हजारापासून पुढे. माझ्या मते ट्रॉलीसाठी साधी दहाची पुरते, पण ती जमिनीवर लोळत ठेवू नका. जमिनीवर टेकलेली साखळी कटरनं तोडायला सोपी जाते. चाकाच्या रिममधून, आक्सलवरून ताठ ओढून बांधा.

साखळीचं दुसरं टोक कशाला? घराजवळ जागा ठरलेली असेल तर काँक्रीटमध्ये कडी रोवून घ्या. २० मिलिमीटरची सळई वाकवून दीड फूट खोल खड्ड्यात, सिमेंट-वाळू-खडीत. मजुरीसह बाराशेच्या आसपास खर्च. इथे काळ्या मातीनं पुन्हा घोळ घालू नये म्हणून काळजी घ्या. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर्षभरात काँक्रीटचा गोळा सैल होऊन हलू लागतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या किंवा कडी घराच्या जोत्याच्या दगडी बांधकामातच बसवा. जागा ठरलेली नसेल तर साखळी दोन्ही चाकांच्या रिममधून आक्सलला गुंडाळा. ट्रॉली जागची हलली तरी चाक फिरणार नाही.

एवढ्याची बेरीज अशी होते: कडीची पिन आणि पाइप १,२००, दोन कुलपं १,२००, साखळी ५४०, जमिनीतली कडी १,२०० आणि नंबर पंच करण्याचे ३००. एकूण ४,४४० रुपये. अडीच लाखांच्या ट्रॉलीमागे हा खर्च एकदाच करायचा आहे. साखळीला वर्षातून एकदा ग्रीसचा हात लावला की ती बरीच वर्षं टिकते.

जीपीएस, कॅमेरा आणि सुटी औजारं

ट्रॅक्टरला बॅटरी असल्यानं त्यावर वायरीचा जीपीएस बसतो. यंत्र दीड ते तीन हजारांत, पुढे दरवर्षी रिचार्ज हजार-दीड हजार. ट्रॉलीला बॅटरी नाही, म्हणून तिच्यासाठी चार्जिंगचा, चुंबकानं चिकटणारा घ्यावा लागतो. तो तीन ते सहा हजारांत येतो आणि काही आठवड्यांनी काढून चार्ज करावा लागतो. चार्ज करायचं राहिलं की तो नुसता डबा. शिवाय येलदरीच्या बाजूला डोंगरात, धरणाच्या काठाला मोबाईलची रेंज कुठे आहे, कुठे नाही. तिथे ठिकाण उशिरा कळतं. ज्यांच्या ट्रॉल्या भाड्यानं बाहेर जातात त्यांनी जीपीएस जरूर घ्यावा. घरच्या शेतापुरती ट्रॉली असणाऱ्यानं आधी वरचे साडेचार हजार खर्चावेत. सिमवर चालणारा सौर कॅमेरा तीन ते सहा हजारांत मिळतो. आखाड्यावर औजारं, मोटार, खत सगळं एकत्र असेल तर तो परवडतो, फक्त ट्रॉलीसाठी नाही.

सुट्या वस्तूंची चोरी ट्रॉलीपेक्षा जास्त होते आणि तिची फिर्याद फारसं कुणी देत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी सहा ते नऊ हजारांची. लोखंडी पट्टीची पेटी करून कुलूप लावायला आठशे ते बाराशे लागतात. टॉपलिंक, हूक, पिना रात्री काढून घरात. रोटाव्हेटर आणि पलटी नांगर ट्रॅक्टरला जोडूनच ठेवावेत आणि हायड्रॉलिक खाली टेकवावं. त्यांवरही नंबर पंच करावा, कारण हे सगळं भंगारात वजनावर विकलं जातं. ट्रॅक्टरबद्दल इतकंच सांगतो की जुन्या कित्येक ट्रॅक्टरांना एकमेकांची किल्ली चालते. सीटखाली किंवा हात पोचेल पण नजर पोचणार नाही अशा जागी बॅटरीचा कट-ऑफ स्विच बसवून घ्या, मजुरीसह पाचशे ते हजार.

ऊस वाहतुकीला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दिवाळीनंतर कारखान्याच्या रांगेत रात्र-रात्र थांबावं लागतं, ड्रायव्हर ट्रॅक्टरवरच डुलकी घेतो आणि मागच्या ट्रॉलीपाशी काय चाललंय ते त्याला दिसत नाही. दोन ट्रॉल्यांमधली पिन, वायर रोप आणि स्टेपनीचं टायर तिथून जातं. दोन ट्रॉल्यांमधली पिन साधी न ठेवता भोक असलेली करून तिलाही कुलूप लावा. स्टेपनी चासीखाली साखळीनं बांधा. ऊसतोड टोळीचा मुकादम आणि ट्रॅक्टरचा मालक वेगळे असतील तर गावाहून निघण्याआधी कुठल्या वस्तू, किती नग सोबत दिल्या त्याची यादी दोघांच्या सह्यांनी करून घ्या.

विम्यात ट्रॉली आहे का, बघा

ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचाही आहे, असा समज सर्रास आहे. पॉलिसी काढून बघा. ट्रॉलीचा नंबर, तिची किंमत आणि तिच्यापोटी लावलेला हप्ता असं वेगळं लिहिलेलं असेल तरच ती विम्यात आहे. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी ती लेखी घालून घ्या. तोंडी “आहे की, दादा” यावर विसंबू नका. आणि थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा असला तरी त्यात चोरीची भरपाई नसते. चोरीसाठी वाहनाच्या नुकसानीचाही विमा लागतो.

भरपाई पॉलिसीत लिहिलेल्या किमतीवर मिळते, नव्या ट्रॉलीच्या भावावर नाही. वाहन विम्यात वयाप्रमाणे घट धरतात: सहा महिने ते एक वर्षाला १५ टक्के, दोन ते तीन वर्षांना ३० टक्के, चार ते पाच वर्षांना ५० टक्के. म्हणजे अडीच लाखांच्या ट्रॉलीला पाचव्या वर्षी सव्वा लाख. त्यातही कर्ज बाकी असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.

दावा ज्या गोष्टींवर अडतो त्या दोन-तीन ठरलेल्या आहेत. शेतीच्या वापराची पॉलिसी असताना ट्रॉली भाड्यानं वाळू-मुरूम वाहत होती, ही एक. फक्त बॅटरी किंवा सुटी वस्तू गेली आणि वाहन जागेवर आहे, तर अनेक पॉलिसी पैसे देत नाहीत, ही दुसरी. आणि ट्रॅक्टरची किल्ली वाहनातच राहिली होती, ही तिसरी. ट्रॅक्टर गेला तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली पहिल्या दिवसापासून घरात जपून ठेवा.

गेलीच तर

लक्षात आल्याबरोबर ११२ वर फोन करा आणि गावातल्या पोलीस पाटलांना सांगा. फाट्यावरचा पेट्रोल पंप, ढाबा, दुकान यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण त्याच दिवशी बघायला मिळालं तर दिशा कळते. बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात जुनं चित्रण पुसलं जातं.

फिर्याद त्याच दिवशी द्या. तालुक्यात जिंतूरखेरीज बोरी, चारठाणा आणि बामणी इथेही पोलीस ठाणी आहेत. आपलं गाव कुठल्या हद्दीत येतं हे आधीच माहीत करून ठेवा. तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी ठाण्याला गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. त्याची प्रत तुम्हाला मोफत मिळाली पाहिजे. खबर घेतली नाही तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांकडे, परभणीला पाठवता येते. “दोन दिवस शोधा, मग या” असं कुणी म्हटलं तर साधा लेखी अर्ज देऊन त्यावर पोच घ्या. मालवाहतुकीच्या वाहनाची चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे बोलताना लक्षात असू द्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचं बंधनही नव्या कायद्यात आहे.

फिर्यादीत “एक ट्रॉली, लाल रंगाची” एवढंच लिहून येऊ नका. पंच केलेला नंबर, दुसऱ्या लपवलेल्या नंबराची जागा, टायरांचे नंबर आणि ठिगळाची खूण नोंदवा, फोटो जोडा. त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि ई-मेल करा, बँकेला कळवा आणि परिवहन कार्यालयात चोरीची नोंद करायला अर्ज द्या. कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळला जातो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जानेवारी २०२० मध्ये ट्रॅक्टर चोरीच्याच एका प्रकरणात सांगितलं की पोलिसांत फिर्याद तातडीनं दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारता येत नाही. त्या प्रकरणात कंपनीला जवळपास दीड महिन्यानं कळवलं होतं. फिर्यादीची तारीख वाचवते, ती हातची जाऊ देऊ नका.

चोर सापडला नाही तर पोलीस “अ समरी” पाठवतात, म्हणजे चोरी खरी पण तपास लागला नाही. न्यायालयानं ती मंजूर केलेली प्रत विमा कंपनी मागते, शिवाय फॉर्म २८, २९, ३० आणि बँकेचं कर्ज असेल तर ३५ वर सह्या, आणि मुद्रांकावर हमीपत्र. महाराष्ट्रात आता त्यासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक धरा. नाकारलेल्या दाव्याविरुद्ध परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. तिथे फी तुम्ही भरलेल्या रकमेवर ठरते, पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.

जुनी ट्रॉली घेताना

चोरीची ट्रॉली शेवटी कुणीतरी विकतच घेतो, आणि तो बऱ्याचदा साधा शेतकरी असतो. निम्म्या भावात, कागद “नंतर देतो” म्हणून सांगितलेली ट्रॉली घेतली तर जप्ती तुमच्या दारात होते आणि पैसे बुडतात. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसा संशय घ्यायला जागा असून तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. आरसी बघा, एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव पडताळा, पंच केलेला नंबर बोटानं चाचपा. नव्या रंगाच्या खाली ग्राइंडर फिरवलेला चकचकीत पट्टा दिसला तर सौदा तिथेच थांबवा. पैसे बँकेतून द्या आणि सौदापावतीवर विकणाऱ्याच्या आधारची प्रत व दोन साक्षीदार घ्या.

सापडल्यावर ताबा

ट्रॉली मिळाली तरी ती ठाण्यातून थेट घरी येत नाही. मुद्देमाल म्हणून ती जप्त असते. जिंतूरच्या न्यायालयात सुपूर्दनाम्यासाठी अर्ज करावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली. सोबत आरसी, बिल, विमा, फोटो आणि फिर्यादीची प्रत. न्यायालय ठरावीक रकमेचा जातमुचलका घेतं. वकिलाची फी प्रत्येकाची वेगळी, पण आधी ठरवून घ्या. अर्ज लगेच करा, कारण उन्हापावसात आवारात उभी राहून टायर सडतात आणि पत्रा गंजतो. ताबा घेताना ट्रॉलीची अवस्था, गायब वस्तू आणि टायरांचे नंबर पंचनाम्यात लिहून घ्या. पुढे खटला संपेपर्यंत ती विकायची नाही, रंग बदलायचा नाही आणि न्यायालयानं बोलावलं की हजर करायची, या अटी मुचलक्यात असतात. नंबरावर रंग चढवायचा असेल तरी न्यायालयाची परवानगी घेऊनच चढवा.